चर्चच्या पोस्ट आधीच शेड्यूल करून ठेवणे: सहा-सात महिने वापरल्यानंतरचा अनुभव

सलाम. नाशिकच्या आमच्या मराठी मंडळीचं (म्हणजे चर्चचं) फेसबुक पेज आणि इन्स्टा तरुण संघाकडे आहे, म्हणजे प्रत्यक्षात माझ्याकडे आणि अजून एका ताईकडे. आधी एक पैसे भरून घेतलेलं ॲप होतं, नाव नको, पण त्यात मराठी जोडाक्षरं फुटायची आणि सपोर्टवाले दर वेळी स्क्रीनशॉट मागायचे. ते सोडून मेटा बिझनेस सूटवर आलो, म्हणजे पोस्ट आधीच लावून ठेवायचं फेसबुकवाल्यांचंच साधन. फुकट आहे, पेज आणि इन्स्टा दोन्हींचं एकच कॅलेंडर दिसतं, आमच्यासारख्या चर्चला एवढं पुरतं.

पण खरं काम ॲप करत नाही हो, गुगल शीट करते. आणि शीट भरायला डोकं लागत नाही कारण चर्चचं वर्ष आधीच आखलेलं असतं. २०२६ चा ईस्टर ५ एप्रिल, म्हणजे उपवासकाळ सुरू होतो तो राखेचा बुधवार १८ फेब्रुवारी, मधले रविवार सोडून उपवासाचे ४० दिवस, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार, सगळ्या तारखा बसल्याच. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलमध्ये कुठेही येतो म्हणून तेवढ्या ओळी दरवर्षी हलवायच्या, नाताळ जागेवरच. हे भरलं की उरतं काय, तर महिला मंडळ, संडे स्कूल आणि पहिल्या फळांचा सण, ज्याच्या लिलावात आमच्याकडे द्राक्षाच्या पेटीवर मामालोक हट्टाने बोली चढवतात (त्या दिवशीचे फोटो कुठल्याही वचनाच्या पोस्टपेक्षा जास्त चालतात, पाळकसाहेबांना हे अजून पटलेलं नाही).

रोज पोस्ट टाकायच्या भानगडीत पडू नका. सूर्योदयाच्या फोटोवर वचन चिकटवलेलं कुणी वाचत नाही, ते तर सगळ्यांना काकूंच्या गुड मॉर्निंगमध्ये येतंच. आम्ही आठवड्याला तीन टाकतो, त्यातली शनिवारी संध्याकाळची उपासनेची वेळ सांगणारी कधीच चुकवत नाही, कारण नोकरीसाठी अंबड-सातपूरला नवीन आलेली माणसं तीच बघून येतात.

आणि इतिहास! इथेच नाशिकच्या शरणपूरला मिशनची वसाहत होती, गुलामगिरीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकली, त्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेल्या मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा मृतदेह घेऊन इंग्लंडपर्यंत गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनविधीला हजर होता. शरणपूर रोडने रोज गाडी दामटणाऱ्या किती जणांना हे माहितीये? ही पोस्ट चर्चबाहेरच्या लोकांनीसुद्धा शेअर केली, नंतर दोन जण चर्च बघायला आले.

आता डोकेदुखी. साप्ताहिक पत्रक टाइप करणारे आमचे काका अजून जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये टाइप करतात, ते कॉपी करून पोस्टमध्ये टाकलं की नुसते एबीसीडी आणि कंस दिसतात. कन्व्हर्टरने बदललं तरी रफार आणि ऱ्हस्व वेलांटी बघावीच लागते, वचनात अक्षर चुकलं की ज्येष्ठ मंडळी सोडत नाहीत आणि बरोबरच आहे त्यांचं. दुसरं म्हणजे भजनं. आपले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक १९१९ मध्ये वारले, आपल्याकडे कॉपीराइट लेखकानंतर ६० वर्षं, त्यामुळे त्यांचे शब्द बिनधास्त वापरा, पण कुणाच्या सीडीवरचं रेकॉर्डिंग उचललं तर त्याचा हक्क वेगळा असतो. आमच्या क्वायरने पेटी-तबल्यावर गायलेलं मोबाइलवर रेकॉर्ड करून लावतो, थोडं बेसूर असतं पण आपलं असतं.

दानाचा क्यूआर पब्लिक पेजवर टाकायचा नाही हे खजिनदारांनी ठणकावून सांगितलंय. पेज परदेशातूनही दिसतं, आणि विदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरएची (विदेशी देणग्यांच्या कायद्याची) नोंदणी किंवा परवानगी लागते, खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतलं लागतं. शिवाय क्यूआर बदलून कुणी फसवलं तर निस्तरणार कोण? संडे स्कूलच्या मुलांचे फोटोही आईवडिलांना विचारूनच, आणि नाव-शाळा लिहायची नाही.

एक नियम मात्र कुठल्याच ॲपमध्ये मिळणार नाही. मंडळीत कुणी प्रभूमध्ये निजलं, म्हणजे वारलं, की सकाळी आधी शेड्यूल उघडायचं आणि त्या दिवसाच्या हसऱ्या पोस्ट पुढे ढकलायच्या. यासाठी फोन कुणाला करायचा ते पाळकबाईंना सांगून ठेवलंय, कारण बातमी सगळ्यात आधी त्यांनाच कळते. शोकसंदेश आम्ही कधीच आधी बनवून ठेवत नाही, टेम्प्लेटसुद्धा नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर अजून हातानेच टाकतो आणि खरं सांगायचं तर निम्मी मंडळी तिथेच वाचते, इन्स्टावर आमचे आजी-आजोबा नाहीत. त्यामुळे कुणी महिन्याला पैसे भरून मोठं टूल घ्या म्हणालं तर मी नको म्हणेन, त्यापेक्षा एक बरा माइक घ्या. नाताळाआधीचा आगमनकाळ ३० नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी लागतो, त्या चार रविवारांच्या ओळी शीटमध्ये भरून ठेवल्यात, रील कोण एडिट करणार यावरून मात्र तरुण संघात अजून वाद चालू आहे.