कॉलेजची लॅब की घरचं किट? सेकंड इयर इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांसाठी

तिसरं सेमिस्टर सुरू झालं की दर वर्षी कुणीतरी लॅबच्या दारात घुटमळतं. "मॅडम, घरीच सगळं घेऊन टाकू का? इथे हातच लागत नाही कशाला." कधी सोबत वडील असतात, त्यांना खर्चाचा अंदाज हवा असतो. नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी लॅब असिस्टंट आहे. मुलांचा हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

कारण तक्रार खरी आहे. प्रॅक्टिकलला दोन तास आणि एका टेबलाभोवती चौघं. एक जण वायरिंग करतो, दुसरा रीडिंग लिहितो, उरलेले दोघं स्क्रीनचा फोटो काढून जर्नल पूर्ण करतात. वेळ संपली की सर्किट सोडवायचं आणि वायरी डब्यात टाकायच्या. चुकलेलं पुन्हा जोडून बघायला सवड कुठली? बदलापूर-डोंबिवलीची मुलं ठाण्याला गाडी बदलून ट्रान्स-हार्बरने येतात, ती पाचनंतर थांबणार तरी किती.

या बाबतीत घरचं किट नक्कीच उजवं. अर्धवट सर्किट टेबलावर आठवडाभर तसंच ठेवता येतं. एक उदाहरण सांगते. बऱ्याच मोठ्या ब्रेडबोर्डांवर (सोल्डरिंग न करता वायरी खोचून सर्किट जोडायची भोकांची पाटी) कडेची पॉवरची पट्टी मधोमध तुटलेली असते. लाल रेघ नीट पाहिली तर मध्ये खंड दिसतो. खालच्या अर्ध्या भागाला सप्लाय पोचतच नाही. लॅबमध्ये मी येते, एक जंपर टाकते, एलईडी लागतो आणि मुलाला काहीच कळत नाही. घरी मल्टिमीटरच्या बीपवर (जोड सलग असला की तो वाजतो) तासभर शोधून ज्याला तो खंड सापडतो, तो पुन्हा कधी तिथे फसत नाही.

मग लॅबची गरजच काय? ऑसिलोस्कोप, म्हणजे व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते स्क्रीनवर दाखवणारं यंत्र. चांगला डिजिटल स्कोप (डीएसओ) हजारोंच्या घरात जातो, आणि तो वापरायला शिकताना शेजारी कुणीतरी असावं लागतं. दोन वर्षांपूर्वी एका मुलीला ब्रिज रेक्टिफायरचा (चार डायोडांनी एसीचं डीसी करणाऱ्या सर्किटचा) इनपुट आणि आउटपुट एकदमच पाहायचा होता. तिने चॅनेल एकची काळी (ग्राउंडची) क्लिप ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकाला लावली आणि चॅनेल दोनची आउटपुटच्या निगेटिव्हला. या दोन्ही क्लिपा स्कोपच्या आत एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे ब्रिजमधला एक डायोड शॉर्ट झाला, पुढच्या अर्ध्या सायकलला सगळा करंट दुसऱ्या डायोडमधून धावला आणि धूर निघाला. ती रडवेली झाली होती. मी तिला नवा १एन४००७ डायोड दिला आणि तिच्याकडूनच आकृतीत त्या दोन क्लिपा जोडणारी रेघ काढून घेतली. सिम्युलेशनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर, तिने हेच सर्किट आदल्या रात्री चालवलं होतं. तिथे प्रत्येक प्रोब स्वतंत्र असतो, म्हणून सगळं छान दिसलं होतं.

सिम्युलेशनला मी कमी लेखत नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम आणि एलटीस्पाइस ही सिम्युलेशनची दोन्ही सॉफ्टवेअरं फुकट आहेत. आयआयटी मुंबईच्याच स्पोकन ट्युटोरियलमध्ये मराठी आवाजातले धडेही आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मी आधी तेच लावायला सांगते. ऑनलाइन प्रयोगांच्या व्हर्च्युअल लॅब्ज ओरलच्या आदल्या दिवशी उजळणीला बऱ्या. थिअरी कच्ची असेल तर एनपीटीईएलची (आयआयटींच्या प्राध्यापकांची ऑनलाइन) व्याख्यानं वही घेऊन बघा, नुसती ऐकून उपयोग नाही.

राहिला मायक्रोकंट्रोलर बोर्ड, म्हणजे प्रोग्रॅम टाकून सर्किट चालवणारा छोटा कॉम्प्युटर. इथे मुलं हमखास घाई करतात आणि थेट ईएसपी३२ उचलतात. त्यात वायफाय आहे, ब्लूटूथ आहे, २४० मेगाहर्ट्‌झचे दोन कोअर आहेत. त्यापुढे अर्डुइनो उनो (आर३) म्हणजे १६ मेगाहर्ट्‌झ आणि २ केबी रॅम. कागदावर तुलनाच नाही. तरीही पहिला बोर्ड उनोच घ्या. तो ५ व्होल्टवर चालतो, लॅबमधले बहुतेक सेन्सरही ५ व्होल्टचेच, आणि नवशिक्याच्या चुका तो बऱ्यापैकी सोसतो. ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या. साधा एचसी-एसआर०४ अल्ट्रासोनिक सेन्सर ५ व्होल्टवर चालवला की त्याची इको ही आउटपुट पिन ईएसपी३२ ला सरळ जोडता येत नाही. मध्ये १ के आणि २ के रेझिस्टरचा, व्होल्टेज कमी करणारा डिव्हायडर लागतो. हा डिव्हायडर का लागतो हे स्वतः सांगता आलं की मिनी प्रोजेक्टसाठी खुशाल ईएसपी३२ घ्या. रास्पबेरी पाय हा बोर्ड इतक्यात नको. त्यावर लिनक्स शिकाल, पण त्याला अ‍ॅनालॉग इनपुटच नाही.

म्हणून घरी मल्टिमीटर, ब्रेडबोर्ड, उनो आणि सुटे पार्ट्स एवढंच पुरे. पैसे कमी पडत असतील तर बोर्ड पुढच्या महिन्यावर ढकला, मल्टिमीटर नाही. स्वस्तातला खिशातला स्कोप घेऊ नका, ते पैसे राहू द्या. सर्किट घरी जोडा, चालवा आणि बोर्डासकट डब्यात घालून लॅबला आणा. मोकळ्या तासाला स्कोप लावायला कुठलाही असिस्टंट सहसा नाही म्हणत नाही, फक्त आदल्या दिवशी विचारा. पार्ट्स मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून आणणार असाल तर शनिवारी सकाळीच ग्रँट रोड गाठा. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात.