रिपॉझिटरीची देखभाल: ॲडमिन टूल, कमांड लाइन की गिट?

ओरॅकल बीआय या रिपोर्ट बनवणाऱ्या प्रणालीची रिपॉझिटरी, म्हणजे कुठला आकडा कुठून येतो याची मांडणी असलेली फाइल, सांभाळायला एक-दोनच माणसं असली की हा प्रश्न आज ना उद्या समोर येतो. देखभालीची कामं ॲडमिनिस्ट्रेशन टूलच्या यूटिलिटीज मेनूतून करायची, कमांड लाइनवर स्क्रिप्ट लावून करायची, की सगळं मजकुराच्या फाइलींत उतरवून गिटमध्ये, म्हणजे फाइलींच्या जुन्या प्रती आणि त्यांतले फरक सांभाळणाऱ्या साधनात, ठेवायचं? बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतले मध्यम कारखाने घ्या किंवा अलकापुरीतली सल्लागार ऑफिसं, टीम साधारण एकाच साच्याची दिसते: रिपॉझिटरी घडवणारा एक मॉडेलर, वेअरहाउस (रिपोर्टसाठीचा डेटाबेस) बघणारा एक, आणि "आकडा जुळत नाही" असं सांगायला अख्खं हिशेबखातं. हा आढावा त्या टीमसाठी आहे. पंधरा मॉडेलर बाळगणाऱ्या बँकेचं गणित निराळं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्या कामाने रिपोर्टचा अर्थ बदलू शकतो ते पडद्यावर, यादी वाचून करावं. जे काम रोज तसंच्या तसं करायचं ते माणसाच्या हाती ठेवूच नये. गिटचा मोह मात्र थोडा आवरावा. का, ते पुढे येईल.

ॲडमिन टूलचा मेनू

रिपॉझिटरी म्हणजे एकच आरपीडी फाइल, तिच्यात तीन थर: फिजिकल (डेटाबेसमधली टेबलं), बिझनेस मॉडेल (हिशेबाचे नियम) आणि प्रेझेंटेशन (वापरणाऱ्याला दिसणारी नावं). खालच्या थरातलं एक कॉलम हललं तरी वर कुठे काय हलेल हे टूलमध्ये राइट-क्लिक करून, क्वेरी रिपॉझिटरी चालवून समजतं. कमांड लाइनवर तितक्या सहज समजत नाही. टूलची पहिली अडचण म्हणजे ते विंडोजवरच चालतं. सर्व्हर लिनक्सवर असला तरी एक विंडोज मशीन राखून ठेवावं लागतं, आणि ते मशीन बहुधा एकाच माणसाच्या टेबलावर असतं. तो माणूस नवरात्रात संध्याकाळी सातला गरब्याला निघाला की रिपॉझिटरी त्याच्याबरोबर गेली म्हणून समजा.

मेनूतल्या सगळ्या यूटिलिटीज सारख्या मोलाच्या नाहीत. नावावरून सर्वांत जास्त गैरसमज होतो तो 'अपडेट फिजिकल लेयर' विझार्डबद्दल. डेटाबेसमध्ये नवीन कॉलम आलं, आता हा विझार्ड ते आणून देईल, असं नवीन माणसाला वाटतं. तो देत नाही. डेटाबेसमध्ये असलेली पण रिपॉझिटरीत नसलेली टेबलं आणि कॉलमं तो जोडत नाही, कॉलमला दिलेली की (key)सुद्धा बदलत नाही. जुळणाऱ्या कॉलमचा डेटाटाइप आणि लांबी तो दुरुस्त करतो, आणि डेटाबेसमधून नाहीसं झालेलं काढून टाकायला सुचवतो. नवीन कॉलमसाठी इम्पोर्ट मेटाडेटाच वापरावं लागतं. विझार्ड काय काढणार आहे याची यादी नीट वाचली नाही, आणि कनेक्शन पूल (डेटाबेसशी जोडणीची माहिती) चुकून दुसऱ्या स्कीमाकडे, म्हणजे टेबलांच्या दुसऱ्याच संचाकडे, वळलेला असला, तर चांगली टेबलं 'सापडली नाहीत' या सदरात जातात.

'रिनेम विझार्ड' माझ्या मते मेनूतला सर्वांत उपयोगी भाग. वेअरहाउसमधून आलेली अंडरस्कोअरवाली, सगळी कॅपिटल अक्षरांतली नावं एकाच फटक्यात वाचण्याजोगी होतात. बिझनेस मॉडेल आणि प्रेझेंटेशन या दोन्ही थरांवर तो चालतो, नियमांचा क्रम आपण ठरवायचा. प्रेझेंटेशन थरातलं नाव बदललं की टूल जुनं नाव अलायस (पर्यायी नाव) म्हणून ठेवतं, त्यामुळे जुने रिपोर्ट मोडत नाहीत. ही सोय आहे, आणि अडगळही. काही वर्षांनी एकेका कॉलमला चार-चार अलायस लटकलेले असतात. मग नव्या कॉलमला तेच जुनं नाव द्यायला गेलात की टूल अडवतं, आणि नवीन माणसाला कारण कळत नाही.

'रिप्लेस कॉलम ऑर टेबल' हे वेअरहाउसवाल्याने टेबल बदललं की कामाला येतं. एक फिजिकल टेबल सतरा लॉजिकल टेबल सोर्समध्ये (बिझनेस मॉडेलमधलं टेबल कुठून भरायचं ते सांगणाऱ्या जोडण्यांत) वापरलेलं असेल, तर हाताने बदलण्यात एखादं राहणारच. विझार्ड सगळे सोर्स समोर मांडतो. याला कमांड लाइनवर सोपा पर्याय नाही. एक्सएमएल काढून, शोधून, परत घालणं शक्य आहे, पण दोन माणसांच्या टीमने त्या वाटेला जाऊ नये.

'रिमूव्ह अनयूज्ड फिजिकल ऑब्जेक्ट्स' फाइल हलकी करतं. एकच सांगतो: 'अनयूज्ड' म्हणजे या मॉडेलने न वापरलेलं. पुढच्या तिमाहीसाठी आणून ठेवलेली टेबलंही त्यात येतात. सगळं टिक करून ओके दाबायचं नाही.

'एक्स्टर्नलाइझ स्ट्रिंग्ज'कडे लोक दुर्लक्ष करतात, पण बडोद्यासारख्या गावात ते सोन्याचं आहे. मुख्य ऑफिसला इंग्रजी हवं, शॉप फ्लोअरवर गुजराती, आणि दांडिया बाजारातून येणाऱ्या जुन्या लेखापालांना मराठी दिसलं तर आनंदच. आधी प्रेझेंटेशन थरावर नावं बाहेर काढण्याचा पर्याय चालू करायचा, मग यूटिलिटीने सीएसव्ही काढायची, तिच्यात भाषांतर भरून टेबलात लादायची, आणि इनिशियलायझेशन ब्लॉकने (लॉगिनच्या वेळी चालणाऱ्या क्वेरीने) वापरणाऱ्याच्या भाषेनुसार सेशन व्हेरिएबल भरायचे. मॉडेल एकच राहतं. प्रत्येक भाषेचं वेगळं सब्जेक्ट एरिया (रिपोर्टसाठीचा कॉलमांचा गट) करणाऱ्यांनी हे एकदा करून बघावं.

'रिपॉझिटरी डॉक्युमेंटेशन' आणि 'मेटाडेटा डिक्शनरी' यांत पहिलं घ्या. प्रेझेंटेशन कॉलम कुठल्या फिजिकल कॉलमपर्यंत जातं याची यादी एक्सेलमध्ये उघडता येते, आणि ऑडिटरला तीच हवी असते. डिक्शनरी एक्सएमएल पानं बनवते; मॉडेल बदललं की ती आपोआप बदलत नाहीत, पुन्हा बनवावी लागतात, आणि ते कोणी करत नाही.

कमांड लाइन

इथे चित्र उलटं होतं. व्हॅलिडेट-आरपीडी ही कमांड कन्सिस्टन्सी चेकची, म्हणजे मॉडेलमध्ये विसंगती नाही ना याची, तपासणी पडद्याशिवाय करते. रोज रात्री उतरवलेली फाइल तिने तपासून निकाल मेलवर पाठवायचा, एवढं एक केलं तरी सकाळच्या अर्ध्या तक्रारी आधीच कळतात. एरर राहिली तर ते बिझनेस मॉडेल क्वेरीला मिळत नाही. वॉर्निंग असली तर मिळतं. त्यामुळे वॉर्निंगची संख्या हळूहळू वाढते आणि कोणी बघत नाही. स्क्रिप्टने कालच्या यादीशी फरक काढून फक्त नवीन वॉर्निंग दाखवाव्यात. पडद्यावर ही शिस्त पाळणारा माणूस मी अजून बघायचाय.

सर्वांत मोठा फरक पडतो तो डेव्हलपमेंटहून प्रॉडक्शनला जाताना. ओरॅकल बीआयच्या 12सी आवृत्तीपासून डेटामॉडेल या कमांडने फाइल चढवता-उतरवता येते. पण अपलोड-आरपीडी अख्खी फाइल चढवतं, कनेक्शन पूलसकट. म्हणजे डेव्हलपमेंटचा पूल प्रॉडक्शनवर जातो, रिपोर्ट चालतात, आकडेही येतात, फक्त ते चाचणीच्या डेटाबेसमधले असतात. एरर दिसत नाही, म्हणूनच हे वाईट. उपाय त्याच कमांडमध्ये आहे: प्रॉडक्शनच्या पूलची यादी जेसन या मजकुराच्या स्वरूपात काढून ठेवायची, फाइल चढवली की लगेच अपडेट-कनेक्शनपूलने ती लावायची. व्हेरिएबलसाठीही तशीच जोडी आहे. हे काम माउसने करणाऱ्या माणसाकडून शुक्रवारी संध्याकाळी एखादा पूल राहतो. स्क्रिप्टला शुक्रवार नसतो.

फरक बघायला कम्पेअर-आरपीडी, तो लावायला पॅच-आरपीडी. दोन फाइलींतला फरक सीएसव्हीत मिळतो, किंवा पॅच म्हणून एक्सएमएलमध्ये. प्रॉडक्शनवर कोणी ऑनलाइन मोडमध्ये (थेट चालू सर्व्हरवर) घाईत बदल केला असेल तर तो रात्रीच्या तुलनेत सापडतो. मर्ज, म्हणजे दोघांचे बदल एकत्र करणं, मात्र पडद्यावरच करावा. मूळ, बदललेली आणि सध्याची अशा तीन फाइलींचा हिशेब असतो, आणि प्रत्येक विरोधात कुणाचं ठेवायचं हे माणसाने ठरवायचं असतं. विझार्ड ते निर्णय फाइलीत जतन करून देतो. ती फाइल सांभाळून ठेवा, पुढच्या खेपेला भांडण कमी होतं. आणि मर्जनंतर 'सेल्स' शेजारी 'सेल्स#1' उगवला तर घाबरू नका: नाव एक, पण आतली ओळख वेगळी अशा वस्तू जमल्या की असं होतं. त्यासाठी मर्जच्या आधी इक्वलाइझ करायचं, म्हणजे त्या ओळखी जुळवून घ्यायच्या, असतं.

कॅशचं काय

कॅश म्हणजे सर्व्हरने साठवून ठेवलेले आधीचे निकाल. ते कधी, कसे पुसायचे यावर बडोद्यातल्या ओळखीच्या दोन माणसांना चहावर सोडलं तर पाणीपुरीवाल्याचा ठेला बंद होईपर्यंत वाद चालेल. मेनूत 'बीआय इव्हेंट टेबल्स' आहे: एक टेबल नेमायचं, ईटीएलने (वेअरहाउसमध्ये डेटा भरणाऱ्या कामाने) ताजं झालेलं टेबल कुठलं ते त्यात नोंदवायचं, आणि सर्व्हर ठराविक वेळाने ते वाचून त्या टेबलाची कॅश पुसतो. दुसरा रस्ता एनक्यूसीएमडी या कमांड लाइनवरच्या साधनाचा: ईटीएल संपलं की तिथूनच एसए-पर्ज-कॅश-बाय-टेबल ही कॉल मारायची.

इव्हेंट टेबलची जमेची बाजू म्हणजे ईटीएलवाल्याला बीआय सर्व्हरचा पासवर्ड द्यावा लागत नाही. तो फक्त एका टेबलात ओळ घालतो. उणीव वेळेची. वाचण्याचं अंतर मुळात 60 मिनिटांचं असतं आणि 10 मिनिटांच्या खाली आणू नये असं ओरॅकल सांगतं. सकाळी आठला ईटीएल संपलं आणि सव्वाआठला प्लांट मॅनेजरने डॅशबोर्ड उघडला, तर कालचाच आकडा दिसू शकतो, आणि मग कॅश समजावून सांगण्यात तुमची सकाळ जाते. एनक्यूसीएमडीने ते त्याच क्षणी पुसलं जातं. रात्री एकदाच ईटीएल असेल तर मी डोळे मिटून एनक्यूसीएमडी घेईन. दिवसभर थोडं थोडं येणारे बरेच स्रोत असतील, आणि ते वेगवेगळ्या लोकांच्या हाती असतील, तर इव्हेंट टेबल.

पडदा आणि कमांड लाइन हे दोन्ही रस्ते एकत्र येतात ते ॲग्रिगेट पर्सिस्टन्समध्ये, म्हणजे आधीच काढलेल्या बेरजा टेबलांत साठवण्यात: विझार्ड पडद्यावर कुठला फॅक्ट, कुठली पातळी हे विचारतो आणि स्क्रिप्ट लिहून देतो; ती पुढे एनक्यूसीएमडीने चालवायची. मला हीच पद्धत सगळीकडे असती तर आवडलं असतं.

गिटचा मोह

आरपीडी ही बायनरी फाइल. ती गिटमध्ये टाकली तर जुनी प्रत मिळते, पण काय बदललं ते दिसत नाही. म्हणून एमडीएस एक्सएमएलचा पर्याय आला: प्रत्येक वस्तूची वेगळी फाइल. ऐकायला छान. पण फाइलींची नावं म्हणजे अक्षर-आकड्यांच्या लांब ओळखी, आणि एक टेबल आणलं की अशा कितीतरी फाइली हलतात. रिव्ह्यू करणारा दोन पानं बघून 'ठीक आहे' म्हणतो, आणि त्याचा दोष नाही.

मल्टियूजर डेव्हलपमेंटही याच प्रश्नाचं जुनं उत्तर आहे: सामायिक फोल्डरवर मास्टर फाइल, आपला प्रोजेक्ट (मॉडेलचा आपला भाग) चेकआउट करायचा, काम झालं की पब्लिश करायचा; पब्लिश चालू असेपर्यंत मास्टरला कुलूप. चार-पाच मॉडेलर असतील तर ते घ्या. दोघांसाठी "आज फाइल माझ्याकडे आहे" एवढं सांगणं पुरतं, आणि प्रोजेक्टच्या सीमा आखायचे दिवस वाचतात.

नव्या क्लाउड आवृत्तीतल्या सिमँटिक मॉडेलरने हे बरंच सोडवलंय. तो ब्राउझरमध्ये चालतो, मॉडेल एसएमएमएल या जेसनवर आधारलेल्या मजकुरात ठेवतो, गिटशी सरळ बोलतो, आणि जुनी आरपीडी त्यात आणता येते. नवीन सुरुवात करणाऱ्याने तिथूनच करावी; विंडोज मशीनचा प्रश्नही मिटतो. पण 12सी वर स्थिर चाललेली, ऑडिटने पास केलेली रिपॉझिटरी फक्त गिटसाठी हलवू नये.

12सी वरच राहणाऱ्या दोन माणसांसाठी मधला मार्ग: रात्री डाउनलोड-आरपीडीने फाइल उतरवायची, कालच्या फाइलशी कम्पेअर-आरपीडी चालवायची, आणि आरपीडी व फरकाची सीएसव्ही दोन्ही गिटमध्ये टाकायच्या. मर्ज गिटने होणार नाही, पण 'हे कधी बदललं' याचं उत्तर सीएसव्हीत साध्या शोधाने सापडतं. खर्च एका दुपारचा.

मग घ्यायचं काय

मॉडेल अजून घडतंय, नावं रोज बदलतायत, तर ॲडमिन टूल. स्क्रिप्टची घाई करू नका. मॉडेल स्थिरावलंय आणि महिन्याला दोन-तीन बदल होतात, तर उतरवणं, तपासणी, तुलना, चढवणं आणि पूल लावणं हे पाचही स्क्रिप्टला द्या, टूल फक्त बदल करायला उघडा. प्रॉडक्शनवर ऑनलाइन मोडमधून बदल करण्याचा हक्क एकाच माणसाकडे असावा, आणि त्याच्या रजेत दुसऱ्याकडे लेखी जावा.

पासवर्ड स्क्रिप्टमध्ये लिहू नका. बऱ्याच कमांडी पासवर्ड दिला नाही तर विचारतात. शेड्यूलवर चालणाऱ्यांसाठी फक्त त्या एका खात्याला वाचता येईल अशी फाइल ठेवा. रात्री उतरवलेल्या आरपीडीलाही वेगळा पासवर्ड द्यायचा असतो. तो लॉकरमध्ये लिहून ठेवा, नाहीतर सगळ्या प्रती असून नसल्यासारख्या.

साफसफाईची वेळ म्हणाल तर बडोद्यात ती कॅलेंडरच देतं. 14 जानेवारीचं उत्तरायण आणि 15 ची वासी उत्तरायण, दोन्ही दिवस डॅशबोर्ड उघडायला कोणी गच्चीवरून खाली येत नाही. अनयूज्ड ऑब्जेक्ट काढणं, जुने अलायस छाटणं ही मोठी कामं तेव्हा करा. मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात रिपॉझिटरीला हात लावायचा नाही. 31 मार्चचे आकडे लागेपर्यंत रात्रीची तुलना फक्त चालू राहू द्या.