गटातलं 40 हजारांचं कर्ज: पाचपैकी साडेतीन तारे

बायकांच्या गटांना तारणाशिवाय छोटी कर्जं देणाऱ्या या कंपनीचं नाव लिहीत नाही, हप्ते अजून चालू आहेत. इंदूरला मल्हारगंजात आमच्या गल्लीतल्या पाचजणींचा गट आहे. मी भाजणी, मेतकूट आणि दिवाळीला चकल्या विकते. गिरणीत भाजणी दिली की आधीच्या गिऱ्हाइकाच्या मिरचीचा ठसका तिच्यात उतरायचा, चकल्या तळताना अख्खं घर खोकायचं. स्वतःची चक्की हवी होती. बँकेत गेले तर तारण मागितलं. इथे आधार, रेशनकार्ड, घर बघायला एक मुलगा आला, आणि पैसे खात्यात.

आता हिशोब. 400 रुपये फी, वर 72 जीएसटी, शिवाय नवरा-बायकोचा विमा कापूनच रक्कम मिळते. हप्ता 2,115, महिने 24, म्हणजे व्याज 10,760. दर 24 टक्के, पण घटत्या शिलकेवर. गल्लीतले एक गृहस्थ ‘फक्त दीड टक्का महिना’ म्हणून पैसे देतात, ते शेवटपर्यंत पूर्ण मुद्दलावर. तेवढ्याच रकमेला 14,400 होतात. ऐकायला स्वस्त, एवढंच!

चक्की आली. सियागंजाच्या घाऊक बाजारातून डाळी रोखीने, पोत्याने आणते, भाव बरा मिळतो. शेजारणींचं दळणही येतं.

दीड तारा कापला तो एक तर जामिनकीसाठी: एकीचा हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्यांनी भरायचा. ही गटाची रीत बांगलादेशातून आली. 1976 साली तिथल्या जोब्रा गावात अर्थशास्त्राचे प्राध्यापक मुहम्मद युनूस यांनी 42 जणांना मिळून अवघे 27 डॉलर दिले होते, तेही स्वतःच्या खिशातून. आमच्याकडे ते एकमेकींच्या खिशातून जातात. फॉल-पिको करणाऱ्या वहिनींचा नवरा आजारी पडला, त्यांचा हप्ता आम्ही चौघींनी भरला. तरी वसुलीचा मुलगा रात्री आठला त्यांच्या दारात, ‘दीदी, किश्त!’ रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांत संध्याकाळी सहानंतर तगादा चालत नाही. ते मोबाइलवर त्याच्यापुढे धरलं, तेव्हा साहेब दिवसा यायला लागले.

दुसरं, हप्ता पुढच्याच महिन्यापासून सुरू. माझी विक्री खरी श्रावणापासून दिवाळीपर्यंत. मुलगी अर्थशास्त्र शिकते, तिने सांगितलं की कोलकात्यात प्रयोग म्हणून काही बायकांना पहिल्या हप्त्याआधी दोन महिन्यांची सवड दिली, तर त्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले. थकबाकीही वाढली म्हणे, म्हणून कंपन्या कशाला ऐकतील!

भाजीवाली, डबेवाली, जिच्या हातात रोज पैसा फिरतो तिने जरूर घ्यावं. लग्नासाठी किंवा जुना हप्ता फेडायला नको. आणि मुदतीआधी फेडलं तर दंड लागत नाही, हे बैठकीत कोणी आपणहून सांगत नाही. दिवाळीचा गल्ला हातात आला की मी तेच करणार आहे.