लीचेस: सीझन नाही, रिसेट नाही, नुसतं एक प्रश्नचिन्ह

मागच्या आठवड्यात लीचेसच्या, म्हणजे ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटच्या, इनबॉक्समध्ये संदेश येऊन पडला. तुमच्या एका प्रतिस्पर्ध्यानं नियम मोडल्याचं आढळलं, सबब त्याच्याकडून हरताना गेलेले रॅपिडचे (मध्यम वेळेच्या डावांचे) अंक परत करत आहोत. 9 अंक. मी रिपोर्ट केला नव्हता, मला संशयही आला नव्हता. उलट त्या माणसाचा घोड्याचा बळी बघून मी मनात टाळ्या वाजवल्या होत्या. त्याच्या जागी बुद्धिबळाचं इंजिन, म्हणजे संगणकाचा प्रोग्रॅम, खेळत होतं म्हणे.

त्याच संध्याकाळी ब्रॉडबँडचं बिल आलं, लाइन बंद होती त्या दिवसांचेही पैसे धरून. त्याबद्दल मी फोन केलाय, मेल केलाय, ऑफिसात जाऊन बसलोय. एक पैसा माघारी आला नाही. ज्यांना मी आजवर दमडी दिली नाही त्यांनी न मागता हिशोब चुकता केला, आणि ज्यांना दरमहा देतो ते तिकीट नंबर देतात. या रागातच हा अनुभव लिहायला बसलोय, तेव्हा सूर कडू लागला तर त्यातला निम्मा कडूपणा ब्रॉडबँडवाल्यांचा समजा.

लीचेस म्हणजे काय, फुकट कसं, जाहिराती का नाहीत, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. मी खेळायला लागलो ते डिसेंबर 2024 च्या लाटेत, गुकेशनं सिंगापूरला तेव्हाच्या जगज्जेत्या डिंग लिरेनला हरवलं तेव्हा. माळ्यावरचे पट खाली आले, तसं माझं खातंही उघडलं. नव्या खात्याला 1500 रेटिंग, म्हणजे खेळाच्या ताकदीचा आकडा, मिळतं. शाळेत असताना तालुक्याला खेळलेला माणूस तो आकडा बघून सुखावतो, मग पहिल्या दोन डावांत शेकड्यानं अंक जातात आणि सुख संपतं. हे रेटिंग अजून कच्चं आहे, एवढंच त्या आकड्यापुढचं प्रश्नचिन्ह सांगत असतं.

त्या प्रश्नचिन्हानं मला जेवढा त्रास दिलाय तेवढा हरण्यानं दिला नाही.

ब्लिट्झ (झटपट डाव), रॅपिडमधलं ते लवकर गेलं. क्लासिकलचं, म्हणजे लांब डावांचं, जात नाही. प्रोफाइल उघडलं की सगळे आकडे नीट उभे, आणि एकापुढे ते आकडीसारखं प्रश्नचिन्ह, जणू कुणीतरी 'खरंच का?' असं विचारतंय. बायको म्हणते, ते बघायला तुझ्या प्रोफाइलवर येतं कोण? मी येतो ना.

आता ते का जात नाही, हे समजून घेताना पॉइंटचा सगळा कारभारच वाचून काढला. अर्पाड एलो हे मिल्वॉकीला भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेनं 1960 मध्ये घेतली आणि फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, 1970 मध्ये. हिशोब साधा आहे. तुम्ही समोरच्यापेक्षा 200 अंकांनी वर असाल तर शंभर डावांत तुमच्याकडून 76 गुणांची अपेक्षा. अपेक्षेपेक्षा जास्त मिळवलं तर अंक चढतात, कमी मिळवलं तर उतरतात. फिडेच्या सर्वसाधारण 20 च्या गुणकानं बरोबरीच्या खेळाडूला हरवलं तर 10 अंक, 200 नं वरच्याला हरवलं तर 15, त्याच्याकडून हरलात तर फक्त 5 जातात. मोठ्याशी भिडायला घाबरू नका, असं हे गणितच सांगतं. दुबळ्यांना बडवून वर जायची सोय त्यात फारशी नाही.

पण एलोंच्या आकड्याला स्वतःबद्दल शंका नसते. काल खेळायला लागलेल्याचे 1500 आणि वीस वर्षं खेळणाऱ्याचे 1500, दोन्ही सारखेच दिसतात. मार्क ग्लिकमन या संख्याशास्त्रज्ञानं 1995 मध्ये त्याला दुसरा आकडा जोडला, या रेटिंगवर भरवसा किती ठेवायचा हे सांगणारा. लीचेस त्याची पुढची आवृत्ती, ग्लिको-2, वापरतं. हा दुसरा आकडा म्हणजे डेव्हिएशन. डाव खेळत गेलात की तो उतरतो, बसून राहिलात की हळूहळू चढतो. 110 च्या वर असेल तर प्रश्नचिन्ह. मुरलेल्या खेळाडूनं वर्षभर हात लावला नाही तर त्याचा 60 चा 110 व्हावा, असा वेग ठेवलाय.

म्हणजे क्लासिकलचे पुरेसे डाव पुरे केले की झालं. पण तिथेच घोडं पेंड खातं. लॉबीत (प्रतिस्पर्धी शोधायच्या जागी) 30+0, म्हणजे प्रत्येकी तीस मिनिटं आणि खेळीमागे वाढीव सेकंद शून्य, लावलं तर समोरचा मिळायला वेळ लागतो, मिळाला तर डाव तासभर चालू शकतो, आणि आमच्याकडची लाइन तासभर टिकत नाही. रात्री नऊनंतर हमखास तुटते. लाइन तुटली की समोरच्याला थोड्या वेळानं विजयाचा दावा करायची मुभा मिळते. तो दावा करतो, त्याचं काहीच चुकत नाही. माझा हत्ती सातव्या ओळीत घुसलेला, त्याचा राजा उघड्यावर, आणि मी राउटरसमोर उकिडवा बसून लाल दिवा बघतोय. अंक गेले. हे अंक कुणी परत करत नाही, करूही नयेत. उद्या हरणारा प्रत्येक जण वायर उपटेल.

लाइनमन दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा म्हणाला, "साहेब, स्पीड टेस्ट बघा, शंभर येतोय." अहो दादा, बुद्धिबळाच्या एका खेळीला किती डेटा लागतो? मला शंभर नको, न तुटणारे पाच द्या. दुसऱ्यांदा म्हणाला, उंदरानं केबल कुरतडली असेल. हा उंदीर रोज नऊ वाजताच कसा येतो, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. कॉल सेंटरच्या ताईंनी मात्र कमाल केली. सर, तुमचा गेमचा सर्व्हर परदेशात असेल, त्यांच्याकडे तक्रार करा. सर्व्हर फ्रान्समध्ये आहे हे खरं, पण तेवढ्या अंतरानं येणारा उशीर लीचेस स्वतःच घड्याळात थोडाफार भरून देतं. शहरातली चार किलोमीटरची वायर तुटते त्याला फ्रान्स काय करणार?

आता सीझनबद्दल. भाचा पुण्यात असतो, व्हॅलोरंट हा गोळीबाराचा ऑनलाइन गेम खेळतो. त्याला मी माझं रॅपिड दाखवलं तर म्हणाला, "मामा, तुझ्या गेमला सीझनच नाही? मग पुश, म्हणजे वर चढायचा जोर, कशासाठी करायचा?" त्याच्याकडे वर्षाचा एक सीझन, त्यात सहा अ‍ॅक्ट, अ‍ॅक्ट साधारण दोन महिन्यांचा. आयर्नपासून रेडियंटपर्यंत बिल्ले. एका पायरीला 100 आरआर (रँकचे गुण), भरले की पुढची पायरी. नवा सीझन लागला की बिल्ला खाली येतो आणि पुन्हा चढायचं. आत एक लपलेला आकडाही असतो, खरं कौशल्य मोजणारा, आणि तो दाखवत नाहीत. तो तुमच्या बिल्ल्यापेक्षा वर असेल तर जिंकल्यावर आरआर जास्त मिळतो आणि हरल्यावर कमी जातो, खाली असेल तर उलटं. म्हणजे तुम्ही कुठले हे यंत्राला माहीत असतं, तरी तुम्हाला खालून पुन्हा चालत आणतात.

माझं मत तेव्हा स्पष्ट होतं. रिसेट म्हणजे ठरावीक काळानं तलाठ्यानं सातबारा कोरा करायचा आणि म्हणायचं, या, पुन्हा नोंद करून घ्या. जमवलेली माहिती फेकून देऊन माणसाला तीच मेहनत पुन्हा करायला लावायची. आणि हे का, तर नव्या सीझनबरोबर नवा बॅटल पास, म्हणजे पैसे देऊन घ्यायचा बक्षिसांचा पास, विकायचा असतो. भाच्याला हे मी सुनावलं. तो म्हणाला, "विकतात, मान्य. पण तू रॅपिड शेवटचं कधी खेळलास?"

कार्ट्यानं नेमकं बोट ठेवलं. रॅपिडचा आकडा मनासारखा वर गेला तसा मी कॅज्युअल, म्हणजे अंक न हलणारे डाव, खेळायला लागलो होतो. रेटेड नको, उगीच पडेल. हे एकट्या माझं नाही. आमच्या ग्रुपवर एक काका आहेत, 1800 गाठले आणि रॅपिड बंद. आता फक्त कोडी सोडवतात, 1800 चा स्क्रीनशॉट डीपीला आहे. सीझन नसलेल्या शिडीचा हा खरा रोग. वरच्या पायरीवर चढून माणूस तिथेच सतरंजी टाकतो. भाच्याच्या गेममध्ये ही चैन नाही. नवा सीझन आला की सगळ्यांना उठवतात, झोपलेल्यालाही. तेव्हा रिसेटबद्दलचा माझा राग अर्धा उतरला. विक्रीची गरज आहेच, पण त्या ओघात बसून राहणाऱ्याचीही सोय लागते.

आणि मग लक्षात आलं की लीचेसकडेही यावर उतारा आहे, आणि तो म्हणजे तेच ते चिन्ह. काका खेळले नाहीत तर 1800 कोणी काढून घेणार नाही, पण डेव्हिएशन चढत जाईल आणि एक दिवस काकांच्या 1800 पुढेही आकडी लटकेल. वरच्या यादीत झळकायचं असेल तर नियम आणखी कडक, डेव्हिएशन 75 च्या आत हवं. अंक न कापता नुसता भरवसा काढून घ्यायचा. मला हे सीझनपेक्षा सभ्य वाटतं. तक्रार एकच, फार सावकाश आहे. वर्ष म्हणजे चेष्टा झाली, तीन महिन्यांत लागलं पाहिजे. काकांच्या बाबतीत तर दोन.

सगळ्यांचे आकडे एकदम हलवणं फक्त गेमवालेच करतात असंही नाही. फिडेनं 1 मार्च 2024 ला ते केलं. किमान रेटिंग 1000 वरून 1400 वर नेलं आणि 2000 च्या खालच्या प्रत्येकाला 2000 पासून जेवढं अंतर, त्याच्या 40 टक्के अंक एकरकमी दिले. 1200 वाला एका रात्रीत 1520 झाला. खालच्या थरात झपाट्यानं सुधारणारी पोरं आणि त्यांच्यामागे रखडणारे आकडे यामुळे अंक आटत चालले होते, ते भरून काढायला. याला मी रिसेट म्हणणार नाही, कारण क्रम तसाच राहिला, कुणाला खाली ओढलं नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा होईल असंही नाही. पण ज्यांनी त्याआधी स्पर्धांची फी, एसटी आणि लॉज यांवर खर्च करून एकेक अंक मिळवला होता त्यांना काय वाटलं असेल, हे त्यांनाच विचारा. माझं फिडे रेटिंग नाही आणि काढणारही नाही. फुकटात प्रश्नचिन्ह मिळतंय तेवढं पुरे.

किरकोळ गोष्टी पटकन. ब्लिट्झ की रॅपिड हे लीचेस ठरवतं ते मूळ वेळ अधिक वाढीव सेकंदांच्या चाळीस पट या हिशोबानं. त्यामुळे 5+3 ब्लिट्झमध्ये आणि 5+5 रॅपिडमध्ये मोजलं जातं. ब्लिट्झचा आकडा जपायचा असेल तर दोन सेकंद वाढवून बघा. रेटिंग बघून छातीत धडधडत असेल तर सेटिंगमध्ये सगळ्यांची रेटिंग लपवायची सोय आहे. मी लपवून पाहिली. खेळ बरा झाला, पण समोरचा किती वरचा होता हे न कळता हरण्यात काही मजा नाही, परत चालू केली. आणि कुणी 'माझे लीचेसवर 1900 आहेत' म्हणून फिडेवाल्याशी वाद घालत असेल तर त्याला आवरा. दोन्हीकडची माणसं वेगळी, मध्य वेगळा, आणि लीचेसचा आकडा बहुतेकांचा वरच असतो.

पैशाचं काय? देणगी देणाऱ्याला नावाशेजारी पंखांचं चिन्ह मिळतं, बाकी सोयी सगळ्यांना सारख्याच. आमच्यासारख्यांमुळे त्यांना यात मोठा धोका आहे, कारण फुकट तेच मिळत असेल तर देईल कोण? इतके महिने मी दिले नव्हते. पण ते 9 अंक आल्यावर बसवेना. ब्रॉडबँडचा प्लॅन शंभरवरून चाळीसवर आणला, तसाही तुटायचाच आहे, आणि वाचलेल्यातून इकडे थोडे पाठवले. पंख छान दिसतात. त्यांच्याशेजारी प्रश्नचिन्ह असतं तर फारच विचित्र दिसलं असतं. नशीब, ते फक्त क्लासिकलपुढेच येतं.

तर शिफारस अशी की रॅपिड आणि ब्लिट्झसाठी डोळे झाकून घ्या. क्लासिकलसाठी मात्र आधी तुमची लाइन तपासा. आणि इथं कुणी 30+0 खेळणारे असतील तर रविवारी सकाळी नऊनंतर मी असतो, तेव्हा आमच्याकडचा उंदीर झोपलेला असतो. आव्हान पाठवा. रेटेडच पाठवा, कॅज्युअल घेणार नाही.