मंगलाष्टकांत गोठलेले चित्र: दुहेरी थराच्या डीव्हीडीचा अनुभव

बहिणीच्या लग्नाचे सव्वादोन तासांचे चित्रण दर्जा न घटवता 4.7 जीबीच्या साध्या डीव्हीडीत मावेना, म्हणून लातूरमधील एका स्टुडिओकडून 8.5 जीबीची दुहेरी थराची (एकाच बाजूला माहितीचे दोन थर असलेली) डीव्हीडी करून घेतली. पहिल्या प्रतीत ऐन मंगलाष्टकांत चित्र क्षणभर गोठले आणि अक्षता हवेतच थांबल्या. पहिला थर संपला की तबकडी वाचणारा लेसर दुसऱ्या थरावर नव्याने फोकस साधतो, त्याचा हा विराम. थरबदल काळ्या पडद्यावर ठेवल्यास तो जाणवत नाही. मात्र पहिला थर दुसऱ्यापेक्षा लहान चालत नाही, त्यामुळे जागा निम्म्याच्या पुढेच शोधावी लागते. स्टुडिओच्या चालकांनी कुरकुर न करता इमेजबर्न या डीव्हीडी लिहिण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती पंगतीआधीच्या काळ्या चौकटीवर नेली. नवी प्रत निर्दोष आहे. वाया गेलेल्या तबकडीचे पैसे मात्र आमच्याकडूनच घेतले, हे खटकले.