२५ एचपी की ४० एचपी? छोटा ट्रॅक्टर बदलताना

२५ एचपीचा ट्रॅक्टर झाडांच्या ओळींतून सहज वळतो, डिझेल कमी पितो आणि ओल्या मातीत फार रुतत नाही. गवत कापणं, छोटी ट्रॉली ओढणं, चार फुटी रोटाव्हेटर एवढंच काम असेल तर तो पुरे.

४० एचपीचा मोह होतो तो लोडरमुळे, म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढे बसवलेल्या, माती-खत उचलणाऱ्या बकेटमुळे. पण खरी गंमत इथेच आहे. बकेट किती उचलेल हे इंजिनच्या एचपीवर नाही, हायड्रॉलिकचा दाब, सिलिंडरचा आकार आणि ट्रॅक्टरच्या वजनावर ठरतं. मागे वजन नसेल तर भरलेली बकेट उचलताच मागची चाकं हलकी होतात, मग एचपी कितीही असो! एकाच सांगाड्यावर दोन्ही एचपीची मॉडेल्स असतील, तर जादा पैसे देऊनही लोडर तेवढंच उचलेल.

जादा ताकद दिसते ती पीटीओवर, म्हणजे इंजिनची ताकद जोडलेल्या यंत्राला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर. मिनिटाला ५४० फेऱ्यांवर रुंद रोटाव्हेटर किंवा फांद्या भुगा करणारं यंत्र चालवताना लहान इंजिन दमतं, मोठं दमत नाही. मात्र जड ट्रॅक्टर माती जास्त दाबतो, शेडचं दारही अरुंद पडू शकतं.

अडतंय ते फक्त उचलण्यात असेल, तर मी एचपी सोडून वजन बघेन.