शेवटच्या काळावरचा ऑनलाइन कोर्स: शिकवलं मनापासून, पण क्विझमध्ये एकच उत्तर बरोबर

पाचपैकी साडेतीन स्टार. दीड स्टार का कापला ते सविस्तर सांगते, कारण जगाच्या शेवटाबद्दल बायबल काय म्हणतं हा विषय असा आहे की यावरून मंडळ्या (म्हणजे चर्च) फुटतात, घरातली माणसं एकमेकांशी बोलायची थांबतात, त्यामुळे जो कोणी हा शिकवायला घेतो त्याची जबाबदारी मोठी आहे असं मला मनापासून वाटतं.

आधी मी का केला ते. मी लहानपणापासून एकच क्रम ऐकत आले, आधी रॅप्चर, म्हणजे प्रभू आपल्या लोकांना वर उचलून घेणार, मग सात वर्षांचं महासंकट, त्यात ख्रिस्तविरोधी, म्हणजे ख्रिस्ताच्या विरोधात उभा राहणारा शेवटच्या काळातला राजा, मग प्रभूचं येणं आणि मग हजार वर्षांचं राज्य. हे एक मत आहे आणि बाकीचीही मतं आहेत हे मला खूप उशिरा कळलं आणि तेही वादातून, बायबल अभ्यासात एक ताई म्हणाल्या की हजार वर्षं म्हणजे आत्ता चाललेलाच काळ, तर त्यांना सगळ्यांनी असं काही घेरलं की त्या परत आल्याच नाहीत. मी तेव्हा गप्प बसले होते. ते मनात राहिलं. म्हणून बारा आठवड्यांचा हा कोर्स दिसला, वर लिहिलेलं की सगळे दृष्टिकोन, कुठलीही बाजू न घेता, तर लगेच नाव नोंदवलं.

सुरुवात प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाच्या २० व्या अध्यायापासून केलीय आणि ती बरोबर केलीय. दुसऱ्या ते सातव्या वचनात हजार वर्षं हे शब्द सहा वेळा येतात, आणि ख्रिस्ताबरोबर हजार वर्षं राज्य करण्याचा उल्लेख अख्ख्या बायबलमध्ये फक्त इथेच आहे, म्हणजे एवढा मोठा वाद या एका उताऱ्यावर उभा आहे. एक गट म्हणतो येशू आधी येईल मग हजार वर्षं, दुसरा म्हणतो हजार हा पूर्णतेचा आकडा आहे आणि हा काळ येशूच्या पहिल्या येण्यापासूनच सुरू आहे, तिसरा म्हणतो सुवार्ता जगभर पसरून एक मोठा चांगला काळ येईल आणि त्याच्या शेवटी येशू येईल. हे तिन्ही मास्तरांनी एकाच उताऱ्यावर बोट ठेवून दाखवलं, त्या उताऱ्यात सैतानाला हजार वर्षं बांधून ठेवतात, तर तो आत्ता बांधलेला आहे का नाही या एका प्रश्नाचं प्रत्येकाचं उत्तर काय ते सांगितलं. आणि मग जस्टिन मार्टरचं सांगितलं, दुसऱ्या शतकातला माणूस, स्वतः हजार वर्षांच्या राज्यावर ठाम विश्वास ठेवणारा, पण तोच लिहून ठेवतो की शुद्ध श्रद्धेचे बरेच खरे ख्रिस्ती वेगळं मानतात. हे ऐकल्यावर मी व्हिडिओ थांबवला. मला त्या ताई आठवल्या. आणि ऑगस्टीनसारखा मंडळीचा मोठा प्राचीन शिक्षक आधी हजार वर्षांचं राज्य मानत होता आणि पुढे त्याने मत बदललं, हेही मला माहीत नव्हतं.

सगळ्यात भारी आठवडा जुन्या करारातल्या दानीएलच्या पुस्तकाच्या ९ व्या अध्यायाचा. तिथली सत्तर सप्तकं, एक सप्तक सात वर्षांचं, म्हणजे ४९० वर्षं, इथपर्यंत बऱ्याच जणांचं जमतं. भांडण आहे सत्ताविसाव्या वचनातल्या एका छोट्या शब्दावर, 'तो'. तो पुष्कळांबरोबर एका सप्तकासाठी करार पक्का करील आणि अर्ध्या सप्तकात यज्ञ बंद करील असं लिहिलंय, पण तो म्हणजे कोण? ज्यांच्याकडून मी लहानपणी शिकले ते म्हणतात तो म्हणजे ख्रिस्तविरोधी, एकोणसत्तराव्या सप्तकानंतर घड्याळ थांबलंय, शेवटची सात वर्षं अजून यायचीत, आणि सात वर्षांच्या महासंकटाचा आकडा मुख्यतः इथूनच येतो. दुसरे म्हणतात तो म्हणजे ख्रिस्तच, त्याने आपल्या रक्ताने करार पक्का केला, त्याच्या बलिदानाने यज्ञांचं काम संपलं, मध्ये थांबायबिंबायचं काही नाही. मी बायबल उघडून तीन वेळा वाचलं. नुसत्या वाक्यावरून दोन्ही निघू शकतं! एका सर्वनामावर सात वर्षं टिकतात किंवा जातात हे मला कोणी कधीच सांगितलं नव्हतं.

थेस्सलनीकाकरांच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय पण तसाच छान घेतलाय. प्रभूला भेटायला मेघांतून वर घेतले जाऊ, तिथे भेटायला जाणं यासाठी जो ग्रीक शब्द आहे, अपांतेसिस, तोच दहा कुमारींच्या दाखल्यात वराला सामोरं जाण्यासाठी येतो आणि तोच प्रेषितांची कृत्ये २८ मध्ये रोमचे बंधू पौलाला भेटायला शहराबाहेर येतात तिथे. त्या दोन्ही ठिकाणी माणसं बाहेर जातात ती पाहुण्याला घेऊन आत येण्यासाठी. म्हणून काही जण म्हणतात की आपण वर जाऊन सात वर्षं तिथेच राहणार असं यात नाही, त्याचं स्वागत करून त्याच्याबरोबर परत येणार असं आहे. आणि मग लगेच दुसऱ्या बाजूचं उत्तरही दिलंय, की एका शब्दावरून अख्खा क्रम ठरवता येत नाही, आणि योहान १४ मध्ये येशू आपल्या लोकांना पित्याच्या घरी जागेवर नेण्याचं बोलतो त्याचं काय. दोन्ही बाजू पूर्ण जोर लावून मांडल्या. असं शिकवणं मी आधी पाहिलं नव्हतं.

प्रकटीकरणातल्या श्वापदाचा आकडा ६६६, त्याचा तास तर वही घेऊन बसण्यासारखा. हिब्रूत अक्षरांनाच आकडे असतात, नेरोन कैसर, म्हणजे रोमी सम्राट नीरो, हे हिब्रूत लिहायचं, नून ५०, रेश २००, वाव ६, परत नून ५०, कोफ १००, सामेख ६०, रेश २००, बेरीज करा, ६६६. आणि शेवटचा नून काढला की ६१६, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरंच ६१६ आहे. जे लोक म्हणतात की प्रकटीकरणातलं बरंचसं पहिल्या शतकातच, इ.स. ७० मध्ये यरुशलेम पडलं त्याच्या आसपास पूर्ण झालं, त्यांचा हा मोठा आधार. अडचण पण सांगितली की पुस्तक रोमी सम्राट डोमिशियनच्या काळात साधारण ९५ ला लिहिलं गेलं असेल, जसं दुसऱ्या शतकातल्या आयरेनियस या बिशपच्या लिखाणावरून मानतात, तर ७० ची गोष्ट भविष्य म्हणून कशी सांगणार.

इथपर्यंत पाचपैकी पाच होते.

मग गडबड सुरू झाली. प्रकटीकरणात मंडळीचा सगळा इतिहास बघणारी जी वाचनपद्धती, जी लूथरपासून कितीतरी सुधारकांची होती, तिला एकच तास, आणि त्यातला अर्धा विल्यम मिलर या अमेरिकन प्रचारकावर. दानीएल ८ मधले २३०० दिवस म्हणजे वर्षं धरून, इ.स.पू. ४५७ पासून मोजून, त्याच्या लोकांनी शेवटी प्रभूच्या येण्याची २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली आणि प्रभू आला नाही. हे शिकवायलाच हवं, पण ज्या सुरात शिकवलं तो मला खटकला, त्या रात्री जागत बसलेल्या लोकांचं दुःख खरं होतं, आणि एका चुकीच्या गणितावरून अख्खी पद्धत उडवून लावणं बरोबर नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्या प्रकटीकरणाच्या पुस्तकाकडे कसं बघतात, त्यांच्या उपासनेच्या वाचनांत ते का नसतं, यावर एक शब्द नाही.

उलट रॅप्चर महासंकटाच्या आधी या मताला तीन आठवडे. ते माझ्याच घरचं मत आहे, तरी सांगते, हे प्रमाण चुकलंय. जॉन नेल्सन डार्बी या बायबल शिक्षकाने १८३० च्या दशकात ते या रूपात मांडलं आणि १९०९ च्या स्कोफील्ड बायबल या टीपांसहित बायबलमधल्या तळटीपांमुळे ते घराघरांत पोचलं, हा इतिहास तीन आठवड्यांत पाच मिनिटांत उरकला.

आणि क्विझ! शेवटच्या क्विझमध्ये प्रश्न होता, प्रकटीकरण २० मधली हजार वर्षं म्हणजे काय. मी मुद्दाम प्रतीकात्मक काळ हा पर्याय निवडला. लाल फुली. रॅप्चर कधी, तिथे महासंकटानंतर निवडलं, परत लाल फुली. ज्या मास्तरांनी दहा आठवडे सांगितलं की प्रामाणिक विश्वासी इथे वेगवेगळं वाचतात, त्यांच्याच कोर्समध्ये मशीन म्हणतंय चूक. सर्टिफिकेट हवं तर त्यांना हवं ते उत्तर द्यावं लागतं. मी दिलं नाही, सर्टिफिकेट घेतलं नाही.

मेल केला. उत्तर दोन दिवसांत आलं, नम्र होतं, की क्विझ संस्थेच्या विश्वासाच्या घोषणेप्रमाणे बनवली आहे. ठीक आहे, संस्थेला स्वतःचं मत असायलाच हवं, पण मग ते पहिल्या पानावर लिहा ना, आमचं मत हे आहे आणि बाकीची मतं आम्ही ओळख म्हणून शिकवतो. किंवा प्रश्न असा विचारा की अमुक मताचे लोक हे वचन कसं वाचतात. एवढं बदललं तर मी आनंदाने स्टार वाढवीन, हे त्यांनाही कळवलंय.

ज्यांना घ्यायचाय त्यांनी जरूर घ्या, विशेषतः पाळकांनी आणि अभ्यासगट चालवणाऱ्यांनी. दानीएलचा आठवडा एकट्याने बघू नका, दोघंतिघं मिळून बायबल उघडून बघा. मी त्या ताईंचा नंबर शोधून त्यांना फोन केला, आणि पुढच्या रविवारपासून आम्ही दोघी मिळून तो परत बघणार आहोत.